हवामान बदलतंय. महापालिका कधी आणि कशी बदलते?

शेवंती (धागाकर्ती)

आमच्या गल्लीत यंदा दोन तासांच्या पावसात गुडघाभर पाणी साचलं. मी या गल्लीत २९ वर्षं राहते, असं आधी कधी झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वॉर्ड ऑफिसात गेले. शहराचं नाव लिहीत नाही, कारण मला कुणा एका ऑफिसची तक्रार करायची नाहीये.

नाल्यांचं काम पाहणारे म्हणाले, नाला साफ आहे, रस्ता उंच झाल्याने पाणी आत येतंय. रस्त्याचे इंजिनियर म्हणाले, आमचं काम मंजूर नकाशाप्रमाणे झालंय, शेजारची मोकळी जागा बुजवली त्याचं बघा. ते बघणारं खातं दुसऱ्या इमारतीत. मग आठवलं, एप्रिलमध्ये आमच्या गल्लीतल्या झाडूवाल्या ताईंना उन्हाने भोवळ आली होती, तेव्हाही त्यांची वेळ कोण बदलू शकतं हे मला शेवटपर्यंत कळलं नव्हतं. कुणीही माझ्याशी उद्धट बोललं नाही. प्रत्येकाचं आपापल्या चौकटीत बरोबरच होतं. पाणी मात्र चौकटी बघून भरत नाही.

म्हणून विचारते. पाऊस आणि ऊन बदललंय हे सगळ्यांना दिसतंय. त्याप्रमाणे एखाद्या शहराची यंत्रणा खरोखर बदललेली तुम्ही कुठे पाहिली आहे का? त्यासाठी नवं खातं लागतं, की जुनीच खाती वेगळ्या पद्धतीने कामाला लावायची? अहवाल आणि आराखडे पुष्कळ वाचले. मला कामाच्या पद्धतीत काय बदललं ते ऐकायचंय.

मधुमालती

धागा फार गरजेचा. आमच्याकडे तर गल्ली, वॉर्ड, गुडघा, सगळं हेच. वाचतेय.

पातमुख

शेवंतीताई, मी मुंबईत पर्जन्यजल वाहिन्यांच्या कामावर होतो, आता निवृत्त आहे. थोडं लांबण लावतो, माफ करा.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला. त्याच काळात कुलाब्याला ७५ मिमीसुद्धा नाही. हवामान खात्याची मापनाची मुख्य ठिकाणं तेव्हा हीच दोन. म्हणजे फोर्टात बसलेल्या माणसाला खिडकीबाहेर रोजचा पाऊस दिसत होता आणि तिकडे कलिना-कुर्ल्यात लोक छपरावर चढून बसले होते. नंतर पालिकेने स्वतःची पर्जन्यमापक यंत्रं वॉर्डावॉर्डांत बसवली, त्यातली कितीतरी अग्निशमन केंद्रांत. दर १५ मिनिटांनी आकडा येऊ लागला. बाहेरून बघणाऱ्याला ही किरकोळ गोष्ट वाटेल, पण आमचं काम त्याने बदललं. आधी तक्रारीचा फोन आला की पाणी भरल्याचं कळायचं. नंतर पाऊस कुठे जोर धरतोय ते बघून आधीच पंप आणि माणसं हलवता यायला लागली. २०२० मध्ये आयफ्लोज ही पूर-इशारा प्रणालीही त्यावर आली.

दुसरी बाजू सांगतो. ब्रिमस्टोवॅडचा, म्हणजे मुंबईच्या पर्जन्यजल वाहिन्या सुधारण्याच्या प्रकल्पाचा, अहवाल १९९३ चा. वाहिन्या ताशी २५ मिमी पावसाच्या हिशोबाच्या होत्या, त्या ५० च्या करायच्या असं त्यात होतं. मोठं काम बरीच वर्षं पैशाअभावी अडलं. २००५ चा पूर आला, चितळे समिती बसली, केंद्राने १२०० कोटी मंजूर केले, तेव्हा गाडी हलली. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया, गझदरबंध ही उदंचन केंद्रं, म्हणजे पंपिंग स्टेशनं, त्यातूनच उभी राहिली. मोठी भरती असताना पातमुखं, म्हणजे वाहिन्यांची समुद्राकडची तोंडं, बंद ठेवावी लागतात, नाहीतर समुद्र उलटा आत येतो. अशा वेळी पाणी उपसून टाकायला ती केंद्रं लागतात. पण आता तासाला ५० पेक्षा जास्त पाऊस दर पावसाळ्यात कुठे ना कुठे पडतोच. १९९३ च्या आकड्याशी आपण पोचलो तोवर पाऊस पुढे निघून गेला.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: महापालिकेत एखादी गोष्ट खरी झाली की नाही ते दोन कागदांवर कळतं. एक, आकृतिबंध, म्हणजे त्या कामासाठी मंजूर पदं आहेत का. दोन, अर्थसंकल्पात त्या कामाचं स्वतःचं लेखाशीर्ष आहे का. ही दोन नसतील तर काम कुणातरी चांगल्या अधिकाऱ्याच्या खांद्यावर चालतं आणि त्याची बदली झाली की थांबतं.

ओढ्याकाठी

पातमुख काकांचा प्रतिसाद छापून भिंतीवर लावण्यासारखा आहे. तरी मला जरा वेगळं म्हणायचंय.

मी पुण्याचा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. वीसहून जास्त माणसं गेली शहरात आणि आसपास. त्या रात्री पाऊस अफाट होता, मान्य. पण ओढ्याला भिंती घालून, वळवून, काही ठिकाणी चक्क नळात घालून अरुंद कुणी केलं? हवामानाने नाही केलं. म्हणून 'हवामान बदल' हा शब्द ऐकला की मला धास्ती वाटते. बांधकाम परवानगीतला दोष आभाळावर ढकलायची सोय होते त्याने. आधी निळ्या आणि लाल पूररेषेच्या (पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या रेषांच्या) आत काय काय उभं राहिलंय ते बघा, मग नवं खातं काढा.

शेवंती

ओढ्याकाठी, तुमची धास्ती पटते. पण दोन्ही खरं असू शकतं ना? ओढा अरुंद झाला आणि पाऊसही वाढला, म्हणून तर माणसं गेली. पूर्वीच्या पावसात अरुंद ओढाही निभावून गेला असता कदाचित.

ओढ्याकाठी

हो, हे मान्य करतो. जुन्या चुका पूर्वी झाकून जायच्या, आता उघड्या पडतात. असं म्हणू.

आयर्विन

सांगलीकर हजर. पूल बघून पाणी मोजायची सवय आम्हाला लहानपणापासून, नावातच आहे. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोका पातळी ४५ आहे. शेजारी कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याला इशारा ३९ आणि धोका ४३. आमच्याकडे शाळकरी पोराला पाढ्यांच्या आधी हे आकडे येतात. :)

विषयाला धरून: ३९ फूट झाले की अमुक गल्लीतले लोक अमुक शाळेत, हे कोल्हापुरात घराघरांत ठरलेलं असतं. पातळी आणि कृती यांची अशी गाठ बांधलेली असली की यंत्रणा बदलली असं मी म्हणतो. नुसत्या 'मुसळधार पावसाचा इशारा' या निरोपाने कोण घर सोडतं?

पंचगंगेचा_पोर

आयर्विन दादा एकदम बरोबर. पण मूळ दुखणं कर्नाटकातलं अलमट्टी धरण. तिथलं पाणी वेळेत सोडलं असतं तर...

आयर्विन

अलमट्टीचं सांगू नकोस मर्दा, त्याच्यावर वडनेरे समिती बसून अहवाल देऊन झाला. आमच्याकडच्या पूरपट्ट्यातल्या प्लॉटिंगचं काय?

पंचगंगेचा_पोर

प्लॉटिंग आहेच. पण फुगवट्याचा प्रश्न सोडून चालत नाही. पन्नास वेळा सांगितलं तरी...

संपादक

अलमट्टीवर वेगळा धागा आहे, कृपया तिथे बोला. इथे शहरांच्या यंत्रणेबद्दल.

उधनाकर

मी मूळचा धुळ्याचा, सुरतला उधन्यात ३० वर्षं झाली. आम्हा खानदेशी लोकांच्या दोन पिढ्या इथे यंत्रमागावर आणि साड्यांच्या कामावर वाढल्या. शेवंतीताईंनी विचारलंय तसं बदललेलं शहर मी पाहिलंय, म्हणून लिहितो.

१९९४ ला प्लेगची साथ आली तेव्हा गाड्या भरभरून माणसं गावी पळाली. पुढच्या वर्षी एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांनी शहराचे झोन पाडून प्रत्येक झोनला अधिकाऱ्याच्या हातात अधिकार दिले, आणि अधिकाऱ्यांनी सकाळी ऑफिसात न बसता रस्त्यावर उतरायचं अशी शिस्त लावली. ती शिस्त ते गेल्यावरही टिकली. साथीच्या रुग्णांचे आकडे दवाखान्यांतून रोज पालिकेकडे जायची सवय लागली.

मग ऑगस्ट २००६. वर साधारण १०० किलोमीटरवर उकाई धरण. धरण जवळपास भरलेलं, वरून पाणी येतच होतं, आणि तापीत सुमारे ९ लाख क्युसेक सोडलं. शहराचा बहुतेक भाग पाण्यात. आम्ही तीन दिवस दुसऱ्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे. दूध नाही, वीज नाही. ती गोष्ट आजही सांगताना अंगावर काटा येतो.

त्यानंतर जे झालं ते मला मोलाचं वाटतं. धरण राज्याच्या पाटबंधारे खात्याचं, शहर महापालिकेचं, पाऊस पडतो तो बहुतेक आपल्या महाराष्ट्रात आणि मध्य प्रदेशात. या सगळ्यांना एका टेबलाशी बसवणारं कुणी नव्हतं. पुढे सुरत क्लायमेट चेंज ट्रस्ट स्थापन झाला. त्यात महापालिका, उद्योजकांचं चेंबर, इंजिनियरिंग कॉलेज असे सगळे. वरच्या खोऱ्यातल्या पावसावरून उकाईत किती पाणी येणार आणि सोडलं तर शहरात कुठवर चढणार, याचा अंदाज देणारी प्रणाली त्यातून उभी राहिली. आता उकाईची पातळी ३४५ फुटांकडे सरकू लागली की आमच्याकडे चहाच्या टपरीवरसुद्धा आकडा माहीत असतो.

सगळं सोनं नाहीये. खाडीच्या पुराने लिंबायतकडच्या वस्त्या आजही बुडतात. तापीचं गणित जमलं, खाड्यांचं नाही. पण एवढं खरं की एक तरी जागा तयार झाली जिथे धरणवाला आणि शहरवाला एकमेकांना ओळखतात.

ओढ्याकाठी

उधनाकर भाऊ, हे वाचून पोटात तुटलं. २५ जुलै २०२४ ला पहाटे खडकवासल्यातून मोठा विसर्ग झाला, सिंहगड रस्त्याला एकतानगरीत लोकांच्या तळमजल्यांत पाणी. धरण जलसंपदाचं, वस्ती महापालिकेची. इशारा कुणी, कुणाला, किती वाजता द्यायचा यावर पुढे दिवसचे दिवस चर्चा झाली. सुरतचं ते टेबल पुण्यालाही हवंय. १५ व्या वित्त आयोगाने शहरी पूर कमी करण्यासाठी पुण्याला २५० कोटी ठेवले, मुंबईला ५००. पैशाने भिंत बांधता येते. पहाटे चारला फोन उचलायला माणूस ठरवून ठेवावा लागतो.

कलम_दर_कलम

वकिली नजरेने दोन मुद्दे.

७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली, त्यात शहरांकडे द्यायचे १८ विषय आहेत. पर्यावरण आणि नागरी वनीकरण आहे, अग्निशमन आहे, स्मशानं आहेत, गुरांचे कोंडवाडेसुद्धा आहेत. पूर किंवा आपत्ती हा शब्द नाही. आणि २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात सगळी रचना देश, राज्य, जिल्हा अशी होती. जिल्ह्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. ज्या महापालिकेच्या गल्लीत पाणी भरतं तिला त्या कायद्यात दुय्यम जागा.

२०२५ च्या दुरुस्तीने हे बदललं. आता राज्याच्या राजधान्या आणि महापालिका असलेली शहरं यांच्यासाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण नेमता येतं. अध्यक्ष महापालिका आयुक्त, जिल्हाधिकारी उपाध्यक्ष. ज्यांना कागद बघायचेत त्यांनी आपल्या शहरात हे प्राधिकरण स्थापन झालंय का, बैठक झाली का, इतिवृत्त कुठे आहे, एवढं माहिती अधिकारात विचारा.

मधुमालती

कोंडवाडे आहेत आणि पूर नाही?! हे आजच कळलं.

सदाफुली_अहमदाबाद

माझं सासर अहमदाबाद, मी नर्स आहे. इथे सगळे पाण्याबद्दल बोलताहेत म्हणून उन्हाचं सांगते.

मे २०१० ला इथे पारा ४६.८ वर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १३०० हून जास्त मृत्यू झाले, हे नंतर आकडे जुळवल्यावर कळलं. त्या वेळी वॉर्डात कुणी 'उष्माघात' लिहीतही नसे. हृदय बंद पडलं, ताप होता, असंच लिहिलं जाई. २०१३ पासून महापालिकेने उष्णता कृती आराखडा सुरू केला, दक्षिण आशियातला पहिला. हवामान खात्याचा अंदाज एका नेमलेल्या अधिकाऱ्याकडे येतो. ४१ च्या वर पिवळा, ४३ च्या वर नारिंगी, ४५ ला लाल. तिथून निरोप रुग्णालयं, १०८ रुग्णवाहिका, मजूर खातं, बागा, पाणपोया असा पसरतो. शारदाबेन रुग्णालयात नवजात बाळांचा विभाग वरच्या मजल्यावर होता, छताखाली तापायचा, तो खाली हलवला. मला हे उदाहरण फार आवडतं. त्यासाठी नवं खातं लागलं नाही, कुणीतरी 'बाळं कुठे तापताहेत' असा प्रश्न विचारला.

पुढे झालेल्या अभ्यासात आराखड्यानंतर वर्षाला सरासरी ११९० मृत्यू टळल्याचा अंदाज निघाला. शेवंतीताई, तुमच्या झाडूवाल्या ताईंची वेळ बदलायची असेल तर आधी तुमच्या शहरात हा 'नेमलेला अधिकारी' कोण ते शोधा. नाव नसेल तर आराखडा कपाटातच आहे असं समजा.

नागपुरी_संत्री

नागपूरनेही २०१६ पासून शेजारच्या शहरांसोबत असा आराखडा केलाय. दुपारी बागा उघड्या ठेवणं साधं वाटतं, पण त्यासाठी उद्यान खात्याच्या वेळा बदलाव्या लागतात. शेवटी वेळापत्रकच बदलायचंय.

रॉटरडॅमकर

मी नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमजवळ राहतो, समुद्रसपाटीच्या सहा मीटर खाली. आई दर फोनला विचारते, "बाळा, पाणी कुठवर आलंय?"

इथे नगरपालिकेच्या जोडीला पाणी मंडळं आहेत, देशभरात २१. त्यातली काही तेराव्या शतकापासूनची. त्यांची स्वतःची निवडणूक, स्वतःचा कर. बिल वेगळं येतं, म्हणून आपले पैसे बांधाला आणि पंपांना गेले हे नेमकं कळतं. मला इथल्या संसदेला मत देता येत नाही, पण मार्च २०२३ मध्ये पाणी मंडळाला मत दिलं. मंडळात शेतकरी आणि निसर्गसंस्थांना राखीव जागा आहेत, त्यावर वाद चालू असतात.

शहरात बेंथेमप्लेन नावाचा चौक आहे, २०१३ चा. एरवी पोरं तिथे बास्केटबॉल खेळतात, जोराचा पाऊस आला की तोच खोलगट चौक १७ लाख लिटर पाणी धरून ठेवतो. शाळा, पालिका आणि पाणी मंडळ यांनी मिळून केला. मैदान कुणाचं आणि पाणी कुणाचं हा वाद तिथे आधीच मिटवून घेतला होता.

पातमुख

मुंबईत हिंदमाताला मैदानांखाली टाक्या केल्या, तोच विचार. पाणी पडलं तिथेच थोडा वेळ थांबवायचं, भरती उतरली की सोडायचं.

मांडवीकाठ

रॉटरडॅमकर, तुमची पाणी मंडळं वाचून आमची खाजनं आठवली. गोव्यात खाऱ्या पाण्यापासून शेत राखायला बांध आणि त्यात मानस असते, म्हणजे भरती-ओहोटीप्रमाणे उघडझाप करणारं लाकडी दार. हे सगळं गांवकारी, म्हणजे गावाची सामाईक संस्था, सांभाळायची, पुढे पोर्तुगीज काळात तिचीच कोमुनिदाद झाली. मानशीपाशी मासे धरायच्या हक्काचा लिलाव व्हायचा आणि तो पैसा बांधाच्या डागडुजीला. म्हणजे पातमुख काकांच्या भाषेत, बांधाचं स्वतःचं लेखाशीर्ष होतं!

कूळ कायद्यानंतर जबाबदारी बदलली, कुळांच्या संघटना आल्या. काही ठिकाणी लिलाव घेणारा माशांसाठी खारं पाणी आत घेतो आणि बांध खचतो. आमच्या आजोबांना अमावास्येची भरती कॅलेंडर न बघता कळायची. आज पणजीत पावसाळी भरतीला पाणी चढतं तेव्हा वाटतं, संस्था मोडायला एक पिढी पुरते.

अंदाजपत्रक_वाचक

लेखाशीर्षाचा विषय निघालाच आहे तर. मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये आला. २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन हे उद्दिष्ट, आणि ऊर्जा व इमारती, वाहतूक, कचरा, हिरवाई, हवा, पूर व पाणी असे सहा विषय. २०२४ मध्ये पालिकेने पहिला हवामान अर्थसंकल्प अहवाल काढला. ही पद्धत ऑस्लोने सुरू केली होती. भांडवली खर्चाचा जवळपास एक तृतीयांश हवामानाशी जोडलेला दाखवला आहे.

मी तो बारकाईने वाचला. बरीचशी कामं आधीच ठरलेली आहेत, आता नव्या रकान्यात दिसतात. तरी मी त्याला वाया गेलेला कागद म्हणणार नाही. पूल विभागाच्या अभियंत्याला पहिल्यांदा विचारलं गेलं की तुझ्या कामाने पूर वाढतो की कमी होतो. पुढच्या वर्षी कुणी त्याला मागच्या वर्षीचं उत्तर दाखवलं पाहिजे.

प्रभागातली

आणि ते दाखवणार कोण? मुंबईत नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली, आराखडा १३ मार्चला प्रसिद्ध झाला. पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये. एवढा मोठा बदल घडवायचा काळ आणि सभागृहात प्रश्न विचारायला कुणीच नव्हतं. कुठल्या चाळीत कुठल्या पायरीपर्यंत पाणी येतं हे नगरसेविकेला तोंडपाठ असतं. मी प्रभाग समितीच्या बैठकांना बसलेय, तिथे एकाच खोलीत नाला, रस्ता, बाग, दवाखाना सगळे समोर असतात. शेवंतीताई ज्या खिडक्या फिरल्या त्याही.

शेवंती

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. वहीत उतरवून घेतले. पुढच्या आठवड्यात आमच्याकडे नागरिकांची बैठक आहे. पातमुख काका, तिथे मी नेमकं काय मागू? तीनच मिनिटं मिळतात.

पातमुख

तीन मिनिटांत तीन गोष्टी. नाल्याचा आणि रस्त्याचा, दोन्ही अभियंत्यांची एकत्र स्थळपाहणी, एकाच दिवशी एकाच वेळी. रस्त्याची, गटाराच्या तोंडाची आणि तुमच्या उंबऱ्याची लेव्हल, लेखी. आणि मुसळधार पावसाच्या रात्री कुणाला फोन करायचा त्याचं पदनाम. माणसाचं नाव नको, पदनाम घ्या, नाव बदलीबरोबर जातं.

शेवंती (तीन आठवड्यांनी)

बैठक झाली. प्रभागातली म्हणाल्या तसं चारही खात्यांचे लोक एका टेबलाशी होते. मी भोवळ आलेल्या ताईंनाही सोबत नेलं होतं, त्या माझ्यापेक्षा स्पष्ट बोलल्या. त्यांच्या चौकीतल्या बायकांची उन्हाळ्यातली वेळ पहाटे साडेपाचपासून करायचा प्रस्ताव लिहून घेतला. तो मंजूर झालेला नाही.

काल दोन्ही अभियंते गल्लीत आले. तरुण मुलं होती दोघंही, एकाच मजल्यावर बसतात, पण एकत्र पाहणीला पहिल्यांदाच आले म्हणाले. पाणी चढलं होतं तिथे भिंतीवर मी पेन्सिलने रेघ मारून ठेवली होती, तिचा फोटो त्यांनी काढला. गटाराची जाळी रस्त्यापेक्षा वर राहिलीय हे साध्या डोळ्यांनीच दिसत होतं. लेव्हल मशीन घेऊन सोमवारी येणार आहेत.

पातमुख

आकडे आले की इथे टाका. आणि तुमचं गटार ज्या नाल्याला मिळतं त्याच्या तळाची लेव्हलही त्याच दिवशी घ्यायला सांगा. नाला भरून वाहत असेल तर जाळी खाली करून पाणी उलटं वर येईल.

शेवंती

हे सुचलंच नसतं. आत्ताच त्यांना मेसेज करते.